आणखी एकच चाल

व्यसन हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्रे उभी राहतात. दारूचा गुत्ता, मटक्याची चिठ्ठी, तंबाखूची पुडी. या व्यसनांना एक वास असतो, एक आवाज असतो, घराबाहेर एक अड्डा असतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती कळतात, धर्मग्रामात कुजबुज होते आणि उशिरा का होईना, कुणीतरी त्या घराचे दार ठोठावते. मी आज ज्या ओढीविषयी लिहिणार आहे तिला यांपैकी काहीच नाही. ती घरातच असते, मुकी असते, तिच्यापायी पगाराला कात्री लागत नाही. तिच्या आहारी गेलेला माणूस बहुधा सुशिक्षित, निर्व्यसनी आणि रविवारच्या मिस्साला नेमाने येणारा असतो. ती खाते तो केवळ वेळ. आणि वेळ ही अशी चीज आहे की ती नाहीशी झाली तरी घरात चोरी झाल्याचे कुणाच्या ध्यानी येत नाही.

दोन वर्षांपूर्वी वसईतल्या आमच्या धर्मग्रामातील एक विवाहिता मला भेटायला आली. (येथे लिहितो आहे ते पापनिवेदनात कानी आलेले नाही. तिने आणि तिच्या पतीने ते लिहिण्यास मोकळ्या मनाने संमती दिली आहे, आणि ओळख पटेल असा तपशील मी ठेवलेला नाही.) तिचा पती संगणकक्षेत्रात नोकरीला, काम बरेचसे घरूनच. ‘‘फादर, तक्रार करायला तोंड नाही,’’ ती म्हणाली. ‘‘दारू नाही, सिगरेट नाही, संध्याकाळनंतर घराबाहेर पाऊल नाही. माझी आई म्हणते, तुला आणखी काय हवं? पण जेवण झालं की हे त्या खेळापुढे बसतात ते रात्री एक-दोन वाजेपर्यंत. हाक मारली की म्हणतात, आलोच, एवढी एकच चाल.’’

एका रात्री त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला ताप चढला. तिने नवऱ्याला तीनदा हाक मारली. तिन्ही वेळा ‘आलोच’ हेच उत्तर आले. तो उठून आला तेव्हा चाळीस मिनिटे लोटली होती. तोवर तिने एकटीने मुलीचे अंग ओल्या फडक्याने पुसले होते, औषध पाजले होते. ‘‘मुलगी बरी झाली, फादर. पण ती चाळीस मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत.’’

पुढल्या आठवड्यात तोही आला. मान खाली घालून बसला आणि एवढेच म्हणाला, ‘‘मला ती पाच मिनिटं वाटली होती.’’ तो खोटे बोलत नव्हता. माणूस खोटे बोलतो तेव्हा ते ओळखण्याचा थोडाफार सराव धर्मगुरूला होऊन जातो. त्याच्या त्या एका वाक्यानेच मला या खेळाविषयी जिज्ञासा वाटू लागली. चाळीस मिनिटांची पाच मिनिटे करणारे हे आहे तरी काय? मी त्याला म्हणालो, ‘‘तुला काही सांगण्यापूर्वी मला तो खेळ पाहायचा आहे. दाखवशील?’’

त्याने दाखवला. खेळाचे नाव ‘सिव्हिलायझेशन’. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या मायक्रोप्रोज या कंपनीसाठी सिड मायर आणि ब्रूस शेली या दोघांनी तो रचला आणि १९९१ साली तो बाजारात आला. त्याची दुसरी आवृत्ती १९९६ मध्ये निघाली, तिसरी २००१ मध्ये, चौथी २००५ मध्ये, पाचवी २०१० मध्ये, सहावी २०१६ मध्ये आणि सातवी २०२५ मध्ये. जो खेळ तीन दशकांहून अधिक काळ टिकतो आणि ज्याचे जुने खेळाडू आता आपल्या मुलांनाही तो शिकवतात, तो काही टाकाऊ खेळ नसणार, एवढे मी मनाशी धरून बसलो.

वाचकांपैकी ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांनी बंदुकांचा धडधडाट डोळ्यांपुढे आणू नये. हे आळीपाळीने चाली करण्याचे खेळ आहेत. बुद्धिबळाप्रमाणे आधी तुमची चाल, मग प्रतिपक्षाची. घाई नाही, हातचलाखी नाही. तुम्ही विचार करीत बसलात तर सारे जग तुमच्यासाठी थांबून राहते. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये खेळाचा आरंभ होतो ख्रिस्तपूर्व ४००० या वर्षी. तुमच्या हाती वसाहत करणाऱ्यांची एक टोळी आणि भोवती अंधारलेला प्रदेश. नदीकाठ पाहून तुम्ही पहिले नगर वसवता. मग शेती येते, मातीची भांडी येतात, कांस्य येते, लेखन येते. दुसरे नगर, तिसरे नगर, शेजारचा राजा, त्याच्याशी तह किंवा युद्ध. पहिल्या आवृत्तीत सुरुवातीच्या एकेका चालीत वीस-वीस वर्षे सरत. शतकांमागून शतके ओलांडीत तुम्ही थेट अंतराळयानापर्यंत पोहोचता आणि ते यान अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे रवाना करून डाव जिंकता. मानवजातीचा अवघा इतिहास एका टेबलावर मांडण्याची ही कल्पना भव्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. त्या तरुणाला इतिहासाची जी आवड लागली ती शाळेत नव्हे, या खेळातून लागली, असे तो म्हणतो; आणि हम्मुराबी कोण होता हे त्याने मला न अडखळता सांगितले.

मग ओढ कशाची? मी शेजारी खुर्ची टाकून पाहत राहिलो, आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. पडद्यावर प्रत्येक कामापुढे एक आकडा लिहिलेला असतो. या नगरातले धान्याचे कोठार आणखी दोन चालींत पूर्ण होईल. त्या नगरातला तट पाच चालींत. नवी विद्या तीन चालींत हाती येईल. पाठवलेले गलबत पुढच्याच चालीत त्या अनोळखी किनाऱ्याला लागेल. उजव्या कोपऱ्यात खाली एक बटण असते. ते दाबले की चाल संपते आणि पुढची सुरू होते. आता गंमत पाहा. कोठार पूर्ण झाले की उठावे, असे तुम्ही ठरवता. कोठार पूर्ण होते तेव्हा तट अर्ध्यावर असतो. तट उभा राहतो तेव्हा नवी विद्या एका चालीवर येऊन ठेपलेली असते. ती मिळते तोच तिच्यामुळे बांधता येणारी नवी वास्तू दिसू लागते. सगळीच कामे एकाच वेळी संपली आहेत असा क्षण या खेळात जवळजवळ येतच नाही. प्रत्येक चाल काहीतरी पूर्ण करते आणि काहीतरी अपुरे ठेवते. खेळाडूंमध्ये ‘आणखी एकच चाल’ हे शब्द जगभर म्हणीसारखे झाले आहेत, ते यामुळेच.

अपुऱ्या कामाची ही ओढ मानसशास्त्राने फार पूर्वी ओळखली आहे. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मारिया ओव्हसियांकिना या संशोधिकेने १९२८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हातातले काम मध्येच थांबवायला लावलेली माणसे संधी मिळताच, कुणी न सांगता, पुन्हा त्याच कामाकडे वळतात, असे तिला आढळले. त्यासाठी बक्षीस लागत नाही. अपुरेपणा हाच पुरेसा असतो. आपल्या घरातली गृहिणी अर्धे निवडलेले तांदूळ टाकून उठत नाही, तीही याच स्वभावाने. हा स्वभाव देवाने दिलेला आहे आणि चांगला आहे. तो नसता तर एकही घर बांधून पुरे झाले नसते. खेळ रचणाऱ्यांनी या सद्गुणाला असे काम दिले आहे की जे कधी पुरे होऊ नये.

मीही एका संध्याकाळी दीड तास खेळून पाहिले. साडेनऊला थांबायचे असे आधीच ठरवले होते, त्याप्रमाणे थांबलो. परंतु खोलीत येऊन रात्रीची प्रार्थना म्हणू लागलो तेव्हा स्तोत्राच्या दोन ओळींच्या मधून माझ्या वसाहतकऱ्यांची टोळी चालत होती. ती नदीपर्यंत पोहोचली असेल का, हा प्रश्न मनात येत होता. वास्तविक मी बटण दाबल्याशिवाय ती एक पाऊलही हलणार नव्हती. पन्नाशी उलटलेल्या, दिवसाचे तास घंटेने मोजण्याची सवय झालेल्या माणसाच्या मनात एवढ्या अवधीत ही टोळी वस्तीला येत असेल, तर दिवसभर पडद्यापुढे राबून थकलेल्या तरुणाचे काय होत असेल, याचा मला अंदाज आला.

या खेळात धर्मालाही स्थान आहे, आणि ते पाहून मी अंतर्मुख झालो. १९९१च्या आवृत्तीत मंदिर आणि कथीड्रल या वास्तू बांधता येतात. त्यांचे काम काय? नगरातील असंतुष्ट लोकांना शांत ठेवणे. मंदिराने थोडे शांत होतात, कथीड्रलने अधिक. मायकेलअँजेलोचे चॅपेल बांधले तर कथीड्रलचा प्रभाव आणखी वाढतो. २०१६च्या आवृत्तीत तर आपला धर्म इतर राज्यांत पसरवून डाव जिंकण्याची सोय आहे. खेळ रचणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. नकाशावर वरून पाहणाऱ्याला श्रद्धा अशीच दिसणार. मात्र वरून पाहण्याची ही सवय अंगवळणी पडली की माणसे आकड्यांसारखी दिसू लागतात, आणि आपल्याला मारलेली हाक ही चालीमध्ये आलेला अडथळा वाटू लागते. त्या तापाच्या रात्री नेमके हेच घडले होते.

ख्रिस्तसभेने खेळाला कधी पाप म्हटले आहे काय? मुळीच नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’मध्ये खेळाविषयी स्वतंत्र विवेचन केले आहे आणि त्यात संत योहानाची एक जुनी कथा सांगितली आहे. प्रेषित योहान आपल्या शिष्यांसह खेळत असलेला पाहून काहींना धक्का बसला. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले, आणि विचारले, असे अखंड करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. योहान उत्तरला, मनाचेही तसेच आहे. खेळ ही मनाची विश्रांती आहे आणि ती योग्य प्रमाणात घेणे हा सद्गुण आहे, असे अक्वायनस मानतात. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी भक्तिमय जीवनावरील आपल्या १६०९ सालच्या ग्रंथात बुद्धिबळासारख्या खेळांना मुभा दिली, पण सोबत सावधही केले: पाच-सहा तास बुद्धिबळ खेळून उठलेला माणूस विसावलेला नसतो, दमलेला असतो. चारशे वर्षांपूर्वीचा हा बिशप आजच्या तरुणाची रात्र जाणून होता असे वाटते. धनुष्याची दोरी सैल करण्यासाठी घेतलेला खेळ जर दोरी अधिकच ताणीत असेल, तर त्याला विश्रांती म्हणता येणार नाही.

आणि ‘आणखी एकच चाल’ या शब्दांचे मूळ पाहायचे तर संत ऑगस्टीनकडे जावे लागते. आपल्या ‘कबुलीजबाबां’च्या आठव्या खंडात ते मिलानमधील आपल्या मनःस्थितीचे वर्णन करतात. देवाची हाक ऐकू येत होती, ती खरी आहे हेही पटले होते. तरी झोपेतून जागे होणाऱ्या माणसाप्रमाणे ते थोडा वेळ, आणखी थोडा वेळ, असे म्हणत राहिले, आणि तो थोडा वेळ कधी संपेना. ऑगस्टीननी देवाला ‘नाही’ म्हटले नव्हते. या तरुणानेही पत्नीला ‘नाही’ म्हटले नाही; तो दर वेळी ‘आलोच’ म्हणाला. नकार देणाऱ्याला आपण नकार देतो आहोत हे निदान ठाऊक असते; ‘आलोच’ म्हणणाऱ्याला तेही कळत नाही, आणि म्हणूनच त्याला भानावर आणणे अधिक कठीण.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करतो. २००५ साली चौथी आवृत्ती आली तेव्हा तिच्या जाहिरातीसाठी एक लुटुपुटीची संस्था रचण्यात आली होती: या खेळाच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांचा मदतगट! १९३५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि आपल्याकडेही अनेक चर्चच्या सभागृहांत ज्यांच्या सभा भरतात त्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चे ते विडंबन होते. विनोद म्हणून तो चतुर होता. ज्यांनी त्या सभांत एखाद्या बापाला रडताना पाहिले आहे त्यांना मात्र हसू येणे कठीण आहे.

तरीही आपण शब्द जपून वापरावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गवारीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराचा समावेश झाला. ती वर्गवारी २०१९ साली स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२पासून अमलात आली. परंतु तिची लक्षणे कडक आहेत: खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ महत्त्वाचा वाटणे, नुकसान होत असूनही तो चालूच राहणे, आणि हे सारे साधारणपणे बारा महिने. बहुसंख्य खेळाडू या रेषेच्या अलीकडेच असतात. शिवाय पैसे लावून खेळायच्या ज्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, त्या जातीचाही हा खेळ नव्हे. म्हणून मुलगा रात्री तासभर असा खेळ खेळला की त्याला लगेच व्यसनी ठरवणाऱ्या आईवडिलांना मी थोडे थांबायला सांगतो. ज्या मुलाला घरात आधीच गुन्हेगार ठरवले आहे तो पडद्यामागे अधिकच खोल जातो.

त्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: हा खेळ त्याला असे काय देतो, जे त्याला अन्यत्र मिळत नाही? मी त्या तरुणाला हाच प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘फादर, ऑफिसात आठ महिने राबून केलेलं काम एका मीटिंगमध्ये रद्द झालं. कुणी आम्हाला विचारलंही नाही. इथे मी बांधलेली भिंत दुसऱ्या दिवशीही तिथेच असते.’’

या उत्तराने मला त्याच्या आजोबांची आठवण झाली. त्यांची केळीची वाडी होती. बैल रहाट ओढीत, पाटाने पाणी खेळे, आणि लावलेले रोप वाढताना डोळ्यांना दिसे. त्या कष्टांना फळ होते. आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे त्या कष्टांना संध्याकाळ होती. दिवस मावळला की बैल सुटत, हातपाय धुऊन सगळे घर माळेच्या प्रार्थनेला बसे. नातवाच्या कामाला दिसेल असे फळ नाही आणि संध्याकाळही नाही; रात्री दहालाही संदेश येतच असतात. फळाची त्याची भूक खरी आहे. खेळ ती भागवल्याचा भास देतो, आणि संध्याकाळ मात्र तोही देत नाही.

मी त्याला खेळ सोडायला सांगितले नाही. दोघांनी मिळून एक साधी गोष्ट ठरवली: उठण्याची वेळ घड्याळाने ठरवायची, चालीने नव्हे, कारण ‘हे पूर्ण झाले की उठेन’ असे म्हणणारा उठत नाही, हे आपण वर पाहिलेच. आठवड्यातून दोन रात्री, दीड-दीड तास. गजराचे घड्याळ स्वयंपाकघरात ठेवायचे, म्हणजे तो बंद करायला खुर्ची सोडावीच लागेल. संगणक आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आला. हे सारे सुरळीत पार पडले असे नाही. नियम कित्येकदा मोडला. वर्षभराने त्याच्या पत्नीला विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, ‘‘आता हाक मारली की उठतात. चेहरा आंबट असतो, पण उठतात.’’ मला वाटते, आपल्यापैकी पुष्कळांचे मनपरिवर्तन असेच, आंबट चेहऱ्याने सुरू होते. आता दर रविवारी जेवणानंतर ते तिघे सापशिडी खेळतात. त्या खेळात इतरांनाही पाळी असते, आणि ती आली की मुलगी बापाला थांबवून ठेवते.

आळीपाळीच्या या संगणकीय खेळांतला सर्वांत मोठा मोह हाच आहे, असे मला आता वाटते. तेथे जग आपल्यासाठी थांबते. आपण बटण दाबेपर्यंत शत्रू हलत नाही, ऋतू बदलत नाही, कुणी म्हातारे होत नाही. घरात तसे नसते. आपण ‘आलोच’ म्हणत असताना मूल मोठे होत असते, आईची दृष्टी मंदावत असते, जोडीदाराच्या मनातले शब्द ओठांवर येऊन परत फिरत असतात. त्यांच्या चाली आपल्यासाठी खोळंबत नाहीत.

चौथ्या आवृत्तीच्या आरंभी एक गीत ऐकू येते. ‘बाबा येतू’ हे त्याचे नाव, आणि ते आहे प्रभूने शिकवलेली प्रार्थना, स्वाहिली भाषेत. क्रिस्टोफर टिन यांनी ते स्वरबद्ध केले आणि २०११ साली त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. संगणकीय खेळासाठी रचलेल्या संगीताला मिळालेला तो पहिलाच ग्रॅमी. लक्षावधी खेळाडू डाव मांडण्यापूर्वी ती प्रार्थना ऐकतात, बहुधा अर्थ न जाणता. त्या प्रार्थनेत आपण उद्याचे कोठार मागत नाही, पाच चालींनंतरचा तट मागत नाही. आजच्या पुरती भाकर मागतो आणि थांबतो. उत्पत्तीच्या पुस्तकातही सृष्टिकर्त्याच्या कामाच्या प्रत्येक दिवसाला संध्याकाळ आहे. पहिल्या दिवशी समुद्र वेगळा झालेला नव्हता, झाडे नव्हती, माणूस नव्हता. काम अपुरे होते, तरी देवाने तो दिवस चांगला म्हणून मिटू दिला. अपुरे काम देवाच्या हाती ठेवून दिवा मालवणे ही श्रद्धेची एक कृती आहे. रात्री घरात कुणी हाक मारली तर पडद्यावरचा डाव तसाच राहू द्यावा. तो सकाळपर्यंत थांबेल. हाक मारणारे माणूस थांबेलच असे नाही.